बोनसचे ३ लाख : लोन फेडू की एसआयपी?

प्रश्न : ताई, मागच्याच महिन्यात नाशकात फ्लॅट घेतला, ३० लाखांचं लोन, ८.५ टक्के फ्लोटिंग (म्हणजे बदलता) रेट, २० वर्षं. बोनसचे ३ लाख आलेत. मित्र म्हणतो एसआयपी कर (म्हणजे दर महिन्याला म्युच्युअल फंडात ठरावीक रक्कम टाक), बाबा म्हणतात आधी कर्ज फेड. काय करू?

उत्तर : अरे, आधी हप्ता उलगडून बघ. तुझा ईएमआय साधारण २६,०३५ रुपये, त्यातले पहिल्या महिन्यात २१,२५० नुसतं व्याज, मुद्दल जेमतेम पावणेपाच हजार कमी होतं, म्हणून सुरुवातीला भरलेला पैसा जास्त कामाला येतो. २ लाख आत्ताच भरलेस आणि ईएमआय तोच ठेवलास तर साधारण ३ वर्षं कमी होतात, व्याज साडेसात लाखांच्या आसपास वाचतं (रेट तोच राहिला तर हं). पण बँकेला लेखी सांग की मुदत कमी करा, नाहीतर काही बँका हप्ता कमी करून मोकळ्या होतात. फ्लोटिंग होमलोनला प्रीपेमेंट चार्ज (मुदतीआधी फेडल्याचा दंड) नाहीये, घाबरू नकोस.

उरलेला १ लाख एफडीत राहू दे, नोकरी गेली किंवा दवाखाना निघाला तर तोच हाताशी असतो. एसआयपी पगारातून कर, दोन-तीन हजारांनी का होईना. बाबांचं ऐक, या वेळी तरी!