कपाशीचा डवरा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे कपाशीतल्या डवरणीविषयी, म्हणजे ओळींमधले तण डवऱ्याने (बैलांनी ओढायच्या कोळप्याने) काढण्याविषयी आहेत. त्यांतली चार येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या पत्रांतल्या बऱ्याच शंकांचे मूळ त्याच प्रश्नात आहे.

प्रश्न : माझी सहा एकर काळी जमीन आहे. कपाशीच्या दोन ओळींत नव्वद सेंटिमीटर अंतर असते. वडिलांच्या वेळचा बाभळीचा डवरा मोडल्यामुळे गेल्या वर्षी तालुक्याच्या गावी एका वर्कशॉपमधून लोखंडी डवरा करून घेतला. तो इतका जड निघाला की दोन तासांत बैलांच्या तोंडाला फेस येतो, पास (मातीत चालणारे आडवे पाते) खोल रुतते आणि तरीही निंदणाचा खर्च पूर्वीइतकाच राहिला आहे. नवा डवरा करायचा झाल्यास त्यात काय सुधारणा करावी? (एक शेतकरी, सावनेर तालुका)

उत्तर : आपल्या पत्रात पासेची लांबी दिलेली नाही आणि नेमकी तीच सर्वांत आधी पाहायला हवी. आपल्याकडचे बरेच डवरे ओळींतले अंतर कमी होते त्या काळातल्या मापाचे आहेत. ओळी रुंदावल्या, पण लोहार आणि वर्कशॉपवाले जुनाच नमुना समोर ठेवून नवा डवरा करतात. समजा, आपली पास चाळीस सेंटिमीटरची आहे. नव्वदच्या पट्ट्यातून ती एकदा गेली की पन्नास सेंटिमीटर जमीन तशीच राहते, म्हणजे एकरी चार हजार सत्तेचाळीस चौरस मीटरांपैकी सुमारे सव्वादोन हजार चौरस मीटर खुरप्यासाठी शिल्लक उरते. पास साठ सेंटिमीटरची केली, तर झाडांच्या ओळीच्या दोन्ही अंगांना पंधरा-पंधरा सेंटिमीटर सोडूनही खुरप्याचे क्षेत्र साडेतेराशे चौरस मीटरांवर येते. निंदणाला बसणाऱ्या बायांचे काम त्यामुळे जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटते. औजार जड झाले आणि मापात काहीच बदल झाला नाही, म्हणून आपला खर्च कमी झाला नाही.

लांब पास बैलांना झेपेल का, ही शंका रास्त आहे. बैलजोडी दिवसभराच्या कामात आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या भागाइतकी ओढ सहज देऊ शकते, म्हणजे दोन्ही बैल मिळून सहाशे किलोंचे असतील तर सुमारे साठ किलोंची ओढ. पास किती मातीतून जाते यावर ओढ बरीचशी ठरते आणि ती माती लांबी व खोली यांच्या गुणाकाराने मोजता येते. चाळीस सेंटिमीटरची पास सहा सेंटिमीटर खोल चालवली काय किंवा साठ सेंटिमीटरची चार सेंटिमीटर खोल चालवली काय, बैलांना भार जवळपास सारखाच पडतो; शेताच्या दृष्टीने मात्र दुसरी पद्धत कितीतरी फायद्याची आहे, कारण कोवळे तण कापायला तीन-चार सेंटिमीटर खोली पुरते. त्याहून खोल गेलेली पास खालच्या थरातले तणाचे बी वर आणते आणि आठ दिवसांत तेच उगवते. खोल डवरणी म्हणजे चांगली डवरणी हा समज आपल्या भागात फार पक्का आहे, पण नांगराचे काम डवऱ्याकडून करून घेण्यात काही हशील नाही.

खोली आवरण्यासाठी औजार बदलावे लागत नाही. दांडी जुवाला बांधतो तो दोर आखूड केला की ओढीचा कोन उभा होतो आणि पास उचलली जाते. दोर लांब केला की दांडी आडवी होऊन पास खाली शिरते. एखाद्या ओळीच्या टोकाला थांबून हाताच्या बोटांनी खोली मोजावी आणि मग दोर बांधावा. रुमण्यावर, म्हणजे हातात धरायच्या मुठीवर, सगळा भार देऊन डवरा दाबत चालणारा माणूस दिसला, तर बहुधा पासेची धार गेलेली असते. झिजलेल्या पासेची खालची कड गोल होते आणि कडक जमिनीत ती शिरण्याऐवजी वर सरकते, म्हणून माणूस दाबतो, बैल थकतो आणि दोष औजाराच्या माथी येतो. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचे पोलाद पासेसाठी उत्तम असते; साध्या पट्टीची पास एका हंगामातच बोथट होते. लोहाराकडून ती हंगामात दोनदा तरी पाजवून घ्यावी.

वर्कशॉपला पुढील गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. डवरा एका माणसाला खांद्यावर टाकून धुऱ्यापर्यंत (बांधापर्यंत) नेता आला पाहिजे. ज्याला दोघे लागतात तो बैलांनाही जड जाणारच. पासेला धरणारी दोन्ही जानोळी खोडात (डवऱ्याच्या मुख्य आडव्या भागात) कायमची वेल्डिंग करून न बसवता बोल्टाने बसवावीत आणि खोडाला तीन-चार भोके पाडून त्यांतले अंतर कमीजास्त करता येईल असे ठेवावे, म्हणजे सुरुवातीला साठची आणि झाडे पसरल्यावर चाळीसची पास त्याच डवऱ्यावर चढवता येते. खोड आणि पास यांच्यात हातभर मोकळी जागा सोडावी, नाहीतर धसकटे आणि उपटलेले गवत तिथेच अडकून बसते आणि दर पंधरा पावलांना डवरा उचलून झटकावा लागतो. हा त्रास विशेष असेल तर एका सरळ पासेऐवजी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची तीन लहान पाती, दोन पुढे आणि एक मागे, अशी बसवून पाहावीत. तिरक्या धारेवरून कचरा बाजूला घसरतो, पासेवर साचत नाही. पात्यांच्या कडा एकमेकींवर तीन-चार सेंटिमीटर चढत्या असाव्यात, अन्यथा मधल्या फटीत तणाची रेघ सरळ उभी राहते. पहिल्या डवरणीच्या वेळी झाडे चार-सहा पानांची असतात. तेव्हा दोन्ही बाजूंना पत्र्याचे आडवे आड लावल्यास ढेकळे रोपांवर पडत नाहीत.

डवऱ्याइतकेच महत्त्व जुवाला आहे, कारण दोन्ही बैल ओळींच्या मधूनच चालायला हवेत. नव्वदच्या ओळीसाठी शिवळांमधले (जुवातल्या मानेजवळच्या खुंट्यांमधले) अंतर असे ठेवावे की दोन बैलांच्या मानांच्या मध्यात एकशे ऐंशी सेंटिमीटर राहतील. म्हणजे बैलांच्या मधला पट्टा मोकळा राहतो. एका जुवावर दोन डवरे लावण्याची आपल्या भागातली जुनी रीत फार शहाणपणाची आहे आणि ती सोडू नये. नव्वदच्या ओळीत एका एकराचे सर्व पट्टे एकदा चालायचे, तर साडेचार किलोमीटर होतात. दोन डवऱ्यांनी ते अंतर सव्वादोनवर येते. डवरे बैलांच्या मागच्या पट्ट्यांत ठेवले, तर खुरांनी दाबलेली माती लगेच मोकळी होते हा आणखी एक लाभ, आणि मधला पट्टा परतीच्या फेऱ्यात धरावा. मुसके घालायला विसरू नये.

शेवटी, लांब पास फक्त सरळ ओळीतच चालते. सरकी डोबताना (बी टोचून लावताना) दोरी ओढून सारखे अंतर राखले नसेल, कुठे ऐंशी आणि कुठे शंभर पडले असेल, तर पंधरा सेंटिमीटरची सोड पुरणार नाही आणि झाडे कापली जातील. पुढच्या हंगामात नवा डवरा करणार असाल, तर आधी जूनमध्ये ओळी सरळ पाडा आणि मग प्रत्यक्ष शेतात अंतर मोजून पासेचे माप वर्कशॉपला द्या. उलट क्रमाने केलेला डवरा गोठ्यात पडून राहतो.

प्रश्न : दीड महिन्याच्या कपाशीत डवरा फिरवल्यावर आठवड्याभरात पात्या (फुलांच्या कळ्या) गळू लागल्या. शेजारी म्हणतात की डवऱ्यामुळेच गळल्या. हे खरे आहे का? (एक शेतकरी, हिंगणा तालुका)

उत्तर : अंशतः खरे आहे. कपाशीचे सोटमूळ खोल जाते, परंतु अन्न शोषणारी आडवी मुळे जमिनीच्या वरच्या थरात ओळीच्या दोन्ही बाजूंना पसरतात आणि दीड महिन्यात ती पट्ट्याच्या मध्याकडे पोहोचू लागतात. अशा वेळी सहा-सात सेंटिमीटर खोल गेलेली लांब पास ही मुळे तोडते आणि झाड आपले ओझे कमी करण्यासाठी पात्या टाकते. म्हणून चाळीस दिवसांनंतर पास आखूड करावी, खोली तीन सेंटिमीटरच्या आत ठेवावी आणि झाडापासून निदान वीस-पंचवीस सेंटिमीटर दूर राहावे. मात्र ढगाळ हवा, सततचा पाऊस आणि शेतात साचलेले पाणी यांनीही पात्या गळतात. ज्या भागात डवरा फिरला नाही तिथेही गळ झाली असेल, तर दोष डवऱ्याचा नाही, हे आपल्याला बांधावरूनच तपासता येईल.

या निमित्ताने वेळेविषयी लिहिणे आवश्यक वाटते. कपाशीचे तणामुळे होणारे खरे नुकसान पहिल्या साठ दिवसांतच होते, म्हणजे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लागवड झाली असेल तर पोळा तोंडावर येईपर्यंतच. या काळात तीन-चार उथळ डवरण्या व्हायला हव्यात आणि पहिली लागवडीनंतर तिसऱ्या आठवड्यातच, तण बोटभर असताना व्हावी. अडचण अशी की आपली काळी माती ओली असताना पासेला चिकटते आणि वाळली की दगडासारखी होते. मधला वाफसा कधी दोन दिवस टिकतो, तर कधी एकच दुपार. मूठभर माती दाबून गोळा केला आणि छातीच्या उंचीवरून टाकल्यावर तो फुटला, तर डवरा काढावा. चपटा झाला, तर थांबावे. ओल्या जमिनीत केलेल्या डवरणीने तण मरत नाही, फक्त एका जागेवरून उपटून दुसऱ्या जागी लागते.

प्रश्न : आमच्याकडे बैल नाहीत आणि भाड्याची जोडी वेळेवर मिळत नाही. सायकलच्या चाकाचा हातडवरा घ्यावा का? आमची अडीच एकर कपाशी आहे. (एक शेतकरी भगिनी, उमरेड तालुका)

उत्तर : ताई, घ्यावा, परंतु अडीच एकरांसाठी नव्हे. हातडवऱ्याची पास माणसाच्या ताकदीला झेपेल इतकीच, साधारण वीस सेंटिमीटरची असते. साठ सेंटिमीटरचा पट्टा काढायला तिला तीन फेऱ्या लागतात, म्हणजे एकरी साडेतेरा किलोमीटर चालणे आणि तेही औजार ढकलत. अडीच एकरांना हे अंतर चौतीस किलोमीटरच्या जवळ जाते. पहिल्या तीन आठवड्यांत, माती मोकळी असताना, अर्ध्या-पाऊण एकरासाठी किंवा बैलजोडी येईपर्यंत तण आवरून धरण्यासाठी ते उपयोगी आहे. जमीन कडक झाल्यावर त्याच्याशी झगडू नये. त्यात खांदे आणि कंबर जाते आणि घरचे दुखणे औजाराच्या हिशेबात कोणी धरत नाही.

आपल्या गावात अशीच अडचण असणारी तीन-चार घरे मिळून एक जोडी हंगामापुरती ठरवू शकतील, तर तो मार्ग अधिक चांगला. मजुरीचा करार एकरावर न करता डवरणीच्या संख्येवर करावा आणि वाफशाच्या दिवशी कोणाचे शेत आधी, हे जूनमध्येच लिहून ठेवावे. भांडण बहुधा त्याच मुद्द्यावर होते.

काही वाचक विचारतात की बैलांच्या औजारात एकदम मोठी सुधारणा का झाली नाही. झाली होती. हैदराबादजवळच्या पटणचेरू येथील इक्रिसॅट या संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात काळ्या जमिनीसाठीच बैलांनी ओढायचे चाकांचे औजार पुढे आणले होते. एकाच सांगाड्यावर नांगरणी, पेरणी आणि डवरणी अशी सगळी कामे त्यावर होत असत. काम ते उत्तम करी, पण त्याची किंमत लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर होती आणि त्यामुळे ते शेतांत रुजले नाही. माझ्या मते, बोल्टाने बदलता येणाऱ्या पासेचा साधा डवरा ही त्याहून लहान पण टिकाऊ सुधारणा आहे, कारण ती गावातल्या लोहाराच्या हातची आहे.

प्रश्न : डवरा कितीही फिरवला तरी कुंदा आणि हराळी पुन्हा येतात. काही उपाय? (एक वाचक, काटोल तालुका)

उत्तर : ही दोन्ही गवते जमिनीखालच्या खोडांतून फुटतात, त्यामुळे डवरा त्यांचा फक्त शेंडा कापतो आणि काही वेळा तुकडे पसरवून त्यांना मदतच करतो. कुंद्याची खोडे फार खोल असतात. उन्हाळ्यात खोल नांगरट करून ती उन्हात वाळू द्यावीत, वखरणीत गोळा करून शेताबाहेर जाळावीत आणि कपाशीत उरलेली ठिकाणे कुदळीने खणावीत. शेजारच्या धुऱ्यावरचा कुंदा तसाच ठेवला, तर ही सगळी मेहनत दोन वर्षांत वाया जाते. डवरा घेऊन त्या जागेतून जाणेच टाळावे आणि पास बाहेर काढताना तिच्यावर अडकलेले तुकडे तिथेच झटकून टाकावेत.