आयर्लंड एवढा श्रीमंत देश, तरी तिथली तरुण पोरं ऑस्ट्रेलियाला का पळतात?

प्रश्न वाचून हसूच आलं, कारण मी सांगलीहून आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात नोकरीला आलो आणि माझ्या बाजूच्या डेस्कवरचा, शेजारच्या मेयो काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) पोरगा इथून पर्थला निघालाय. निघालाय म्हणजे काय, ऑस्ट्रेलियाचा वर्किंग हॉलिडे व्हिसा (तरुणांना तिकडे फिरता फिरता काम करू देणारा) हातात येऊन पाच महिने झाले, एका वर्षात जावं लागतं, आणि हा तिकीटच काढत नाही.

पगार बरा आहे हो त्याचा. पण सत्तावीसचा घोडा झाला तरी आईबापाकडे, शाळेत असतानाच्याच खोलीत झोपतो आणि रोज सव्वा तास गाडी हाणत येतो, कारण भाडी परवडत नाहीत (डब्लिनमध्ये तर 2000 युरोच्या वर सरासरी भाडं आहे). म्हणजे नोकरी आहे, घर नाही. एप्रिल 2024 पर्यंतच्या वर्षात 69,900 लोक आयर्लंड सोडून गेले, त्यातले 10,600 ऑस्ट्रेलियाला. त्याच वर्षात 30,000 आयरिश परत पण आले, हे तो मला सारखं ऐकवतो, खरं तर स्वतःलाच.

मग अडलंय कुठे? एक तर गावची गेलिक फुटबॉलची (हा आयर्लंडचा स्वतःचा खेळ) टीम, हा तिचा गोलकीपर, आधीच तिघंजण सिडनीला गेलेत. हसू नका, इथे गाव म्हणजे क्लबच. आणि दुसरी त्याची आजी, वय 88. इथल्या 1840 च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळानंतरच्या काळात कुणी अमेरिकेला निघालं की आदल्या रात्री घरी जागरण करायचे, माणूस मेल्यावर करतात तसंच, कारण परत दिसणार नाही हे धरूनच चालायचे. आता व्हिडिओ कॉल आहे, सगळं आहे, पण इथे माणूस गेला की दोन-तीन दिवसांत माती देतात आणि पर्थहून निरोप मिळून, तिकीट काढून पोचेपर्यंत तेवढे दिवस जातातच. बाहेर गेलेली पोरं चर्चच्या वेबकॅमवर आजीआजोबांचं फ्युनरल बघतात, हे त्याने मित्राच्या बाबतीत पाहिलंय.

परवा कॅन्टीनमध्ये मला विचारतो, तू कसं ठरवलंस? मी काय बोलणार, माझे वडील गेले तेव्हा मी थेट दहाव्याला पोचलो, तेवढंच सांगितलं. दहावा म्हणजे काय ते समजावलं तर थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, म्हणजे तुमच्यात उशिरा येणाऱ्याची सोय आहे, आमच्यात नाही.

तिकीट अजून काढलेलं नाहीये.