प्रयोगशाळेत माँटेलुकास्ट (दम्यावरचं औषध) पहिल्यांदा वापरताय?

बाटलीवर सोडियम क्षार आहे की मुक्त आम्ल, हे आधी वाचा. क्षाराचा रेणुभार 608.2, आम्लाचा 586.2. इथे चुकलात तर पुढची सगळी गणितं चुकतात. क्षार असेल तर 6.08 मिग्रॅ 1 मिली डीएमएसओत (एक द्रावक) विरघळवा, 10 मिलिमोलर स्टॉक (साठवायचं मूळ द्रावण) तयार. छोटे भाग करून उणे 20 अंशांवर ठेवा.

खरा शत्रू उजेड. प्रकाशात सल्फॉक्साइड बनतं, शिवाय रेणूचा आकारही बदलतो. गडद तपकिरी नळ्या नसतील तर अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा. ऑर्गन बाथही (जिवंत ऊती द्रावणात ठेवायचं पात्र) खिडकीपाशी नको.

10 मिलीच्या बाथमध्ये 1 मायक्रोमोलर हवं असेल तर 10 मिलिमोलरचा 1 मायक्रोलिटर टाकण्याचा हट्ट नको, तेवढं नेमकं मोजलं जात नाही. आधी डीएमएसओतच 1 मिलिमोलर करा, त्यातले 10 मायक्रोलिटर टाका. डीएमएसओ 0.1 टक्के होतं, म्हणून नियंत्रण ऊतीलाही (जिला औषध देत नाही ती) तेवढंच द्या. 30 मिनिटं थांबा, मगच एलटीडी4 (ऊती आकुंचित करणारं ल्युकोट्राइन) टाका.

हिस्टामिनचा वक्र (मात्रा वाढवत गेल्यावर ऊती किती आकुंचते त्याचा आलेख) सोबत काढाच. तोही सरकला, तर तो परिणाम सिसएलटी1 (एलटीडी4 ज्यावर काम करतं आणि हे औषध जो रोखतं तो ग्राही) रोखल्याचा नाही. पेशींच्या माध्यमात सीरम असेल तर परिणाम फिका दिसतो, कारण हे औषध 99 टक्क्यांहून जास्त प्रथिनांना चिकटतं. सिसएलटी2 (त्याच कुळातला दुसरा ग्राही) मात्र याने रोखलं जात नाही.