भिंतीवरचे तीन फोटो आणि वहीतला कोळी

प्रश्न : मी अंबाजोगाईला माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. मुलगी अकरावी सायन्सला आहे, दहावीला 94 टक्के होते. तिने शास्त्रज्ञ व्हावं, परदेशात देशाचं नाव मोठं करावं ही माझी फार दिवसांची इच्छा. तिच्या टेबलासमोर नोबेलविजेते शास्त्रज्ञ चंद्रशेखर, खुराना आणि रामकृष्णन यांचे फोटो लावलेत. बारावी झाली की थेट अमेरिकेला पाठवायचं म्हणतो, दोन एकर विकायची तयारी आहे. पण ही रोज सकाळी अर्धा तास परसात कोळ्यांची जाळी बघत बसते, वहीत चित्रं काढते. नोबेलच्या तोडीचं संशोधन करायचं तर आतापासून कोणता मार्ग धरावा? आणि हा नाद कसा सोडवावा? तिच्या वहीच्या एका पानाचा फोटो सोबत जोडला आहे, म्हणजे कल्पना येईल.

उत्तर : सर, नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. वहीच्या पानाचा फोटो मात्र चार-पाचदा मोठा करून पाहिला.

पेन्सिलने काढलेलं जाळं आहे, मधोमध कोळी, आणि जाळ्यावर पांढऱ्या नागमोडी रेषांची फुली. खाली बारीक अक्षरात लिहिलंय : ‘12 सप्टें. – चार हात. 13 – चार. 14 – तीनच! 15 – जाळं नाही. 16 – नवीन जाळं, दोन हात, दोन्ही खालचे.’ सर, हा सिग्नेचर स्पायडर. जाळ्यावर सही केल्यासारखी फुली काढतो म्हणून हे नाव. ही फुली तो कशासाठी काढतो यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. कुणी म्हणतं किडे ओढले जावेत म्हणून, कुणी म्हणतं पाखरांना जाळं दिसावं आणि त्यांनी ते मोडू नये म्हणून. आणि एकाच कोळ्याची फुली आज चार हातांची, उद्या दोन हातांची का, हा त्याच भांडणातला प्रश्न. तुमच्या मुलीने कुणी न सांगता, तारखा घालून, नेमकी तीच नोंद ठेवायला घेतली आहे. ‘तीनच’पुढचं ते उद्गारचिन्ह बघा. हा नाद सोडवायचा उपाय माझ्याकडे नाही, आणि असता तरी दिला नसता.

आता मला खटकलेलं सांगतो. पत्रात देश आहे, नोबेल आहे, दोन एकर आहेत, मुलीचं नाव कुठेच नाही. तिला काय आवडतं ते फक्त तक्रारीत आलंय. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीने रोज संध्याकाळी पुस्तक उघडायचं आणि समोर तीन नोबेलविजेते तिच्याकडे बघतायत! मला तर त्या टेबलाशी बसून साधी बेरीजही जमली नसती.

आणि तुम्ही इतिहासाचे शिक्षक, म्हणून त्यांच्यातल्या दोघांचा इतिहास जरा तपासू. हरगोविंद खुराना मुलतान जिल्ह्यातल्या रायपूर नावाच्या खेड्यातले, वडील तलाठी. लिव्हरपूलहून डॉक्टरेट घेऊन, स्वित्झर्लंडमध्ये काम करून हा माणूस 1949 साली भारतात परत आला होता. इथे त्याला नोकरी मिळाली नाही. तो पुन्हा इंग्लंडला गेला, तिथून कॅनडाला, मग अमेरिकेला. 1966 साली अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं आणि 1968 साली नोबेल मिळालं. त्या दिवसापासून खुराना आपले. 1949 मध्ये ते आपलेच होते की, तेव्हा कुणी त्यांचा फोटो लावला नाही.

वेंकटरामन रामकृष्णन यांना 2009 मध्ये नोबेल जाहीर झालं आणि भारतातून ईमेलचा एवढा लोंढा गेला की त्यांनी वैतागून जाहीर नाराजी व्यक्त केली. चिदंबरमला आपण त्यांना शिकवलं असं सांगणारेही निघाले; गाव सुटलं तेव्हा ते तीन वर्षांचे होते. राष्ट्रीयत्व हा जन्माचा योगायोग आहे, असंही ते म्हणाले आणि आपल्याकडे अनेकांना ते झोंबलं. मला वाटतं, झोंबलं कारण खरं होतं. त्यांच्या यशात आपला वाटा किती, हे आपणही मनात जाणून होतो. गणितज्ञ मंजुल भार्गव तर जन्मलेच कॅनडात, तरी 2014 ला त्यांना गणितातलं मानाचं फील्ड्स पदक मिळालं तेव्हा आपणच पेढे वाटायचे बाकी होतो. आनंद होणारच, माझाही होतो. पण असा फुकटचा अभिमान पोटच्या पोरीकडून वसूल करायचा नसतो.

रामकृष्णन यांची एक गोष्ट मात्र तिला जरूर सांगा. त्यांना ना आयआयटीत प्रवेश मिळाला, ना वेल्लोरच्या मेडिकलला. बडोद्याला बीएस्सी केलं, अमेरिकेत भौतिकशास्त्रात पीएचडी केली आणि मग, आपल्याला जीवशास्त्र जास्त आवडतं हे कळल्यावर, पुन्हा विद्यार्थी म्हणून वर्गात जाऊन बसले. ‘आतापासून कोणता मार्ग धरावा’ असं कुणी त्यांना अकरावीत विचारलं असतं, तर आलेलं उत्तर चुकीचंच ठरलं असतं.

आता त्या दोन एकरांचं. शास्त्रज्ञ व्हायचं म्हणजे बारावीनंतर लगेच परदेश आणि त्यासाठी जमीन नाहीतर कर्ज, हा समज फार पसरलाय आणि त्यावर एजंटांची दुकानं चालतात. तिथली पदवी बहुतेकांना पदरच्या पैशाने करावी लागते. पीएचडीचं गणित उलटं आहे. अमेरिकेत विज्ञान शाखांच्या पीएचडीला बहुतेक ठिकाणी फी माफ असते आणि शिकवण्याचं किंवा प्रयोगशाळेतलं काम करून महिन्याला खर्चापुरते पैसे मिळतात. तुमच्या भिंतीवरच्या तिघांनीही पहिली पदवी मायदेशातच घेतली : चंद्रशेखर मद्रासला, खुराना तेव्हाच्या अखंड भारतातल्या लाहोरला, रामकृष्णन बडोद्याला. चंद्रशेखर आणि खुराना पुढे इंग्लंडला गेले ते सरकारी शिष्यवृत्तीवर. इथे राहून पीएचडी केली, तरी नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाल्यास महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं मिळतं. जमीन राहू द्या, सर.

परीक्षांचं थोडक्यात : पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा, भुवनेश्वरच्या तशाच नायसरसाठी नेस्ट. दोन्ही नाही जमल्या तर चांगल्या कॉलेजात प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी करावं, मग एमएस्सी. काही बिघडत नाही.

परदेशी जायचंच नाही असं माझं म्हणणं नाही. उद्या तिला कोळ्यांवर काम करणारी एखादी चांगली प्रयोगशाळा जर्मनीत सापडली, तर जाऊ दे, तिथेच राहिली तरी राहू दे. आणि परतली तर तेही कमीपणाचं मानू नका. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप अमेरिकेतलं स्टॅनफर्ड विद्यापीठ सोडून 1963 साली परत आले. नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 रेडिओ दुर्बिणी उभ्या आहेत, त्या त्यांच्या पुढाकाराने. विज्ञान दिनाला, 28 फेब्रुवारीच्या सुमारास, तिथे मुलांची जत्रा असते. तुमच्या शाळेची सहल एकदा तिकडे न्या. मात्र त्यांचा चौथा फोटो भिंतीवर चढवू नका.

बोलता बोलता आठवलं, मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना 1973 साली चक्क वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. हे तुम्हाला सांगायला नको होतं, आता कोळ्यांवरून आशा लावून बसाल.

तर एवढंच करा. टेबलासमोरची भिंत मोकळी करा. तिथे काय लावायचं ते ती ठरवेल. उद्या सकाळी चहाचा कप घेऊन परसात जा आणि तिला म्हणा, मला दाखव. शिकवायला जाऊ नका, अर्धा तास गप्प बसा. जमलं तर एक साधं भिंग घेऊन द्या.

पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि माझा एक प्रश्न तिला विचारा : 15 तारखेला जाळं नव्हतं, तर 14 च्या रात्री पाऊस झाला होता का? वहीत पावसाचा रकाना दिसत नाही.