गावातले लोक जास्त देतात की शहरातले?

तुम्ही देणग्यांच्या पावत्या मोजून शहरातले लोक गावातल्यांपेक्षा जास्त दान करतात असं म्हटलंय. माझी कळकळीची विनंती आहे, एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका.

पावतीवर फक्त संस्थेला दिलेला पैसा येतो. गावातली बरीचशी मदत थेट माणसाकडून माणसाकडे जाते. घर जळालं तर शेजारी ते उभं करायला येतात, आजारी माणसाच्या शेतात दुसरे राबतात, कुणी उसने दिलेले पैसे परत मागतच नाही. याची नोंद कुठे होणार? शहरात देणारा आणि गरजू एकमेकांना ओळखत नाहीत, म्हणून मध्ये संस्था लागते, आणि संस्था आली की पावती आली.

दुसरं, लोक मागितलं की देतात. बेकर्स आणि वीपकिंग या संशोधकांनी २०११ साली पाचशेहून अधिक अभ्यास चाळून दानामागची आठ कारणं मांडली. गरज कळणं आणि कुणीतरी मागणं ही त्यातली पहिली दोन. निधी गोळा करणारे शहरात जास्त फिरतात, हे मी या कामात वर्षानुवर्षं पाहतोय.

पण म्हणून गावाचं नुसतं कौतुकही करू नये. ओळखीवर चालणारी मदत ओळखीच्यांनाच मिळते. नव्याने आलेला, किंवा गावाशी बिनसलेला माणूस तिच्यातून वगळला जातो, आणि हे मनाला फार लागतं. अशा माणसापर्यंत बरेचदा दूरच्या शहरातल्या अनोळखी देणगीदाराचाच पैसा पोचतो.

अनोळखी माणसाला मदत करण्याबद्दलही मतं एक नाहीत. संशोधक स्टेब्ले यांनी १९८७ मध्ये यावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात ग्रामीण भाग पुढे दिसला. उलट झ्विर्नर आणि रायहानी या संशोधकांना २०२० मध्ये ब्रिटनमध्ये शहर-गाव असा फरक आढळला नाही. फरक पडला तो वस्तीच्या सुबत्तेने. संपन्न वस्तीत मदत जास्त मिळाली. तुम्ही केलेल्या तुलनेत उत्पन्न धरलेलंच नाही, ते आधी धरा.

कोणत्या देशातले लोक किती देतात हे मोजणाऱ्या जागतिक दान निर्देशांकात (तो २०२४ पर्यंत निघत होता) तीन गोष्टी विचारत: गेल्या महिन्यात पैसे दिले का, संस्थेसाठी वेळ दिला का, अनोळखी व्यक्तीला मदत केली का. तुम्ही याला चौथा प्रश्न जोडा, ओळखीच्या माणसासाठी काय केलंत? जिथे सगळेच एकमेकांना ओळखतात, तिथली मदत या प्रश्नाशिवाय मोजलीच जाणार नाही.