वॉर्डातलं मत आणि पालिकेची शाळा

लोकसभेला मत दिलंस, छान केलंस. आता महापालिकेची निवडणूक चुकवू नकोस. आपल्या वडोदऱ्यात पालिकेच्या प्राथमिक शाळा नगर प्राथमिक शिक्षण समिती चालवते आणि तिचे बहुतेक सदस्य नगरसेवक निवडतात. म्हणजे तुझं मत फिरून वर्गातच पोचतं. हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

यादीत नाव आत्ताच तपास. नसेल तर फॉर्म ६, पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८ भर. वॉर्डात चार जागा असतात, चार मतं देता येतात. एकाच नावावर थांबू नकोस.

उमेदवार दारात येण्याआधी तू स्वतः जवळच्या शाळेत जा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. त्या पालकांशी बोल. शिक्षक पुरेसे आहेत का, मुलींचं स्वच्छतागृह वापरता येतं का, मराठी माध्यमाचे वर्ग किती उरलेत? मग उमेदवाराला हेच विचार. शाळेत शेवटचे कधी गेला होतात, हेही विचार. उत्तर गुळमुळीत आलं तर लक्षात ठेव.

महाराजा सयाजीरावांनी १९०६मध्ये बडोदा संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्यांच्याच शहरात पालिकेची शाळा म्हणजे गरिबांची सोय म्हणून सोडून दिली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

निकालानंतर निवडून आलेल्यांना पुन्हा भेट. शाळेतल्या मुलांच्या दोन-तीन आयांना सोबत ने.