लोखंडी साचे गंजतात, तेल लावून फडक्यात बांधून ठेवावेत का?

तुम्ही विचारलंय की शिशाची वजनं ओतायचे तुमच्याकडचे पंचवीसेक लोखंडी साचे दर काही महिन्यांनी गंजतात, तर भरपूर तेल चोपडून, फडक्यात गुंडाळून पेटीत बंद करून ठेवले तर चालेल का, आणि इतके साचे ओळखू येतील असे लावायचे कसे.

नाही चालणार. फडक्यात तर मुळीच नाही. हे मी इतक्या ठामपणे सांगतोय कारण अगदी याच पद्धतीनं माझ्या काकांचे आठ साचे गंजले, आणि ते ज्यानं बांधून ठेवले तो माझा थोरला भाऊ आजही म्हणतो की तेल कमी पडलं.

काका फिटर होते. जाळ्याची, गळाची वजनं ओतायचे अकरा साचे त्यांनी स्वतः केलेले. बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, ठोकळे घ्यायचे, कानस मारून दोन्ही तोंडं अशी बसवायची की मधून उजेड दिसता कामा नये, मग लेथवर पोकळी काढायची. हवा निघून जायला तोंडावर ज्या बारीक रेघा लागतात त्या ते टोकदार सुईनं हातानं ओढायचे. त्या रेघा इतक्या उथळ असत की हवा जाई पण शिसं जात नसे. हात थकल्यावर त्यांनी हे अकरा साचे आम्हा दोघा भावांच्या हवाली केले आणि एवढंच म्हणाले, "पोकळीत कधी पॉलिश पेपर घालू नका."

एका वर्षी पावसाळी दिवस सुरू झाले आणि मला कामासाठी सात महिने बाहेर राहावं लागलं. जाण्याआधी आम्ही दोघांनी दिवसभर ओतकाम केलं. मी गेल्यावर दादानं आवराआवर केली. त्यानं जे केलं ते सगळं चांगल्या हेतूनं केलं, हे आधी सांगतो. शेवटची वजनं त्यानं साच्यांतच राहू दिली, कारण 'आत शिसं असलं की हवा शिरत नाही' असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. मग वरून तेल, त्यावर सुती फडकं, त्यावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधलेली. या सगळ्या पिशव्या प्लायवूडच्या पेटीत, खाली स्पंज, आणि पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवून जमिनीवर.

सात महिन्यांनी मी पेटी उघडली. फडकी दमट होती आणि साच्यांना चिकटली होती. आठही साचे तांबडे झालेले. पोकळीतली वजनं हातोडीच्या दांड्यानं ठोकून काढावी लागली, आणि त्यांच्यावर पांढरी पूड आली होती. एका साच्याच्या पाठीवर अंगठ्याचा ठसा गंजात उमटला होता, रेघांसकट, जणू शाई लावून उठवलाय.

आठ म्हणालो, अकरा नाही. तीन साचे दादाच्या नजरेतून सुटले होते. ते जुन्या फ्रिजच्या मागच्या फळीवर तसेच उघडे पडलेले, ना तेल ना फडकं. त्यांच्यावर धूळ बसली होती, पण गंजाचा एक ठिपका नव्हता. तेल कमी पडलं म्हणणाऱ्यानं आधी या तीन साच्यांचं उत्तर द्यावं. त्यांना तर थेंबभरही तेल नव्हतं.

माझं उत्तर असं आहे. गंजाला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, आणि पाणी थेंबानं यायला लागत नाही, हवेतला दमटपणा पुरतो. १९३० च्या दशकातच व्हर्नन या ब्रिटिश संशोधकानं दाखवलं होतं की हवेत थोडी घाण असली तर साधारण ६० टक्के आर्द्रतेच्या वर लोखंड गंजण्याचा वेग एकदम उसळतो. त्याच्या खाली तो जवळजवळ थांबल्यासारखा असतो. आता फ्रिजची पाठ सतत कोमट असते. २५ अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा फक्त ५ अंशांनी तापवली की तीच हवा ६० टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच, पण साचा कोरडा. ते तीन साचे वाचले ते यामुळे.

उलट ती पेटी बाहेरच्या भिंतीला होती, म्हणजे रात्री थंड. ३० अंशांच्या, ८० टक्के दमट हवेतलं पाणी २६ अंशांना जमायला लागतं. बिडाचा जड ठोकळा रात्रभर निवतो आणि सकाळी हवेच्या मानानं उशिरा तापतो, त्यामुळे सकाळच्या दमट हवेत त्याला घाम फुटतोच. तरीही बंद पिशवीतल्या हवेत पाणी किती असणार? ३० अंशांना पूर्ण भिजलेल्या हवेतसुद्धा घनमीटरमागे ३० ग्रॅमच पाणी असतं, म्हणजे दहा लिटरच्या डब्यात जेमतेम ०.३ ग्रॅम. खरा साठा फडक्यात आणि स्पंजात असतो. सुती कापड पावसाळी हवेत नुसतं पडून राहिलं तरी कितीतरी जास्त पाणी धरून बसतं, आणि आपण तेच ओल्या पोटिसासारखं साच्याला बांधतो. वर पिशवी बांधली की ते वाळायचा रस्ताही बंद.

अंगठ्याचा ठसा घामातल्या मिठाचा. मीठ ७५ टक्के आर्द्रतेला स्वतःच पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि त्यावर पातळ तेल फासलं तर मीठ तेलाखाली अडकून आपलं काम करत राहतं.

आणि साच्यात शिसं ठेवण्याबद्दल, कारण दादाशी माझं खरं भांडण इथेच आहे. शिसं थंड होताना आकसतं, म्हणून वजन आणि पोकळीची भिंत यांच्यात केसाएवढी फट राहते. अशा फटीत ओलावा शिरतो आणि सहज बाहेर पडत नाही. वर दोन वेगळे धातू आणि मध्ये ओल म्हणजे छोटी बॅटरीच, आणि तीत झिजायचं काम लोखंडाच्या वाट्याला येतं. शिसं वाचतं, साचा जातो. कोरड्या हवेच्या जागी लोक वर्षानुवर्षं असं ठेवतात आणि त्यांचं काही बिघडत नाही, हे मला मान्य आहे. कोरड्या जागी कसंही ठेवलं तरी बिघडत नाही. प्रश्न दमट जागेचा आहे. ती पांढरी पूड प्लायवूडची देणगी. लाकूड आणि त्यातला गोंद आम्लाची वाफ सोडतात, बंद पेटीत ती शिशाला खाते. संग्रहालयवाले शिशाच्या वस्तू ओकच्या कपाटात ठेवायला घाबरतात ते यासाठीच.

मी आता काय करतो ते सांगतो. ओतकाम संपलं की साचा हाताला सोसेल इतका कोमट होऊ देतो. तेव्हा तो पुरता कोरडा असतो, आणि यापेक्षा चांगली वेळ पुन्हा मिळत नाही. हातमोजे घालूनच धरतो. पोकळी रिकामी करतो, आतून-बाहेरून पुसतो, दोन्ही भाग जोडून व्हीसीआय कागदात, म्हणजे गंजरोधक वाफ सोडणाऱ्या कागदात, गुंडाळतो आणि रबरी गॅस्केटच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो. हा कागद उघड्यावर निरुपयोगी आहे, बंद डब्यातच चालतो. डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा. काटा ५० च्या वर गेला की पुडी ११०–१२० अंशांवर दोन-तीन तास तापवून परत टाकतो. डबे जमिनीपासून वर आणि आतल्या भिंतीच्या बाजूला.

तेल मी फक्त पिनांना, बिजागरीला आणि बाहेरून लावतो, तेही पुसून काढल्यासारखं. पोकळीत तेल राहिलं की पहिली वीस-पंचवीस वजनं सुरकुतलेली निघतात. वर्षभर हातच लावायचा नसेल तर आतही पातळ हात फिरवा, पण ओतण्याआधी ॲसिटोननं पूर्ण काढा. डब्ल्यूडी-४० या फवाऱ्यावर विसंबून राहू नका. त्याच्या नावातला डब्ल्यूडी म्हणजे 'वॉटर डिस्प्लेसमेंट', पाणी हटवणं. १९५३ मध्ये तो त्यासाठीच बनवला गेला. पाणी तो छान हटवतो, पण मागे उरणारा थर वर्षभर टिकण्यासारखा नसतो.

चढलेला गंज काढायला रॉकेल, पितळी ब्रश आणि लाकडी काडी. काकांचं वाक्य विसरू नका. गंज थोडा खाऊन जातो, पॉलिश पेपर पोकळीचा आकारच बदलतो. आमच्या आठांपैकी पाच साचे असे वाचवले, पण हवेच्या रेघा तीन साच्यांत पार बुजल्या होत्या. त्या मी पुन्हा ओढल्या. काकांसारख्या नाही जमल्या, कडेला शिशाची पातळ पापडी येते.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. हे सगळं बीड आणि पोलादाच्या साच्यांबद्दल आहे. ॲल्युमिनियमला तांबडा गंज येत नाही, त्याला आपटण्यापासून जपा. पितळी साच्याला साधा व्हीसीआय कागद लावू नका, त्याच्यासाठी वेगळा मिळतो. शिशावरची पांढरी पूड फुंकरीनं उडवू नका, ती विषारी आहे. ओल्या फडक्यानं पुसा आणि हात धुवा. आणि साठवणीतून काढलेला साचा आधी तापवल्याशिवाय त्यात शिसं ओतू नका. शिसं ३२७ अंशांना वितळतं, त्याखाली ओलीचा एक थेंब सापडला तर त्याची वाफ दीड हजार पटींहून जास्त फुगते आणि शिसं तोंडावर उडतं.

मांडणीचं राहिलंच. प्रत्येक साच्याच्या बाहेरच्या अंगावर पंचानं नंबर मारा, चिठ्ठ्या तेलानं गळून पडतात. वहीत नंबरापुढे वजनाचे ग्रॅम, मिश्रण आणि कोणता दांडा बसतो ते लिहा. साच्याचे दोन भाग कधी वेगळ्या डब्यांत ठेवू नका. त्या साच्यातून निघालेलं एक वजन नमुना म्हणून तारेनं डब्याच्या कडीला बांधा, म्हणजे डबा न उघडता कळतं आत काय आहे. नमुना बाहेर बांधायचा, साच्याच्या आत ठेवायचा नाही. दादा, तू हे वाचशील हे मला माहीत आहे. तुझ्याकडच्या चार नंबरच्या साच्यात अजून वजन तसंच आहे, ते आज काढ.